थर्मोस्टॅट काढून टाकलेली ऑल्टो: वॉल आणि पॅकिंग घरी बदलता येईल का?

पसरणीकर

नमस्कार मंडळी, गाडी २००९ ची ऑल्टो, ७९६ सीसी पेट्रोल, राहायला वाईला आणि नोकरी पाचगणीला त्यामुळे पसरणीचा घाट रोजचाच. मागच्या उन्हाळ्यात घाट चढून वर पोचलं की बॉनेटमधून वाफ यायची, बाटलीतलं पाणी उसळून बाहेर. इथल्या एका गॅरेजवाल्या मामांना दाखवली तर त्यांनी थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून हातात दिला, म्हणाले आपल्याकडच्या हवेत याची गरजच नसते, हा थंड देशातल्या गाड्यांसाठी असतो. वाफ कमी झाली हे खरं पण पूर्ण गेली नाही, आणि आता थंडी सुरू झाल्यापासून वेगळंच चाललंय. सकाळी निघालो की निम्मा घाट चढला तरी काटा जागचा हलत नाही, परत येताना उतारावर तर पार तळाला जातो, हीटर लावला की गार वारा, आणि अ‍ॅव्हरेज १७-१८ वरून १४ वर आलंय. शेजारचे म्हणतात इंजिन गार राहतंय तर चांगलंच आहे की.

माझे प्रश्न: थर्मोस्टॅट परत बसवू का? किती डिग्रीचा घेऊ? पॅकिंग कागदाचं का रबराचं? आणि हे काम मला स्वतःला जमेल का, हाताशी दहा-बाराचे पाने, गोटी सेट, पक्कड एवढं सगळं आहे.

गोटीपाना

पसरणीकर, बसवा. विचारसुद्धा करू नका, बसवा. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं माझं आणि हा "काढून टाका" सल्ला मी इतका ऐकलाय की आता चीड येते. अँबेसेडर, पद्मिनीच्या काळात वॉल अडकला की नवा लवकर मिळायचा नाही, मग काढून फेकायचे आणि गिऱ्हाईक खूश, गाडी गार. ती सवय पुढं ८०० मध्ये आली, ऑल्टोत आली, अजून चालूच आहे. पण गाड्या बदलल्या ना दरम्यान.

तुमच्या ऑल्टोत कॉम्प्युटर बसलाय, त्याला पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर असतो. पाणी गार दिसलं की कॉम्प्युटर समजतो इंजिन अजून थंड आहे, आणि पेट्रोल जास्त सोडतो. वॉल नसल्यामुळे पाणी सुरुवातीपासूनच पूर्ण रेडिएटरमधून फिरतंय, थंडीत घाटात वारा लागतोय, मग ते तापणार कधी? म्हणजे तुम्ही अख्खा रस्ता जवळजवळ चोक ओढल्यासारखी गाडी चालवताय. अ‍ॅव्हरेज तिथंच गेलं.

दुसरं म्हणजे ऑइल. जळताना जे पाणी तयार होतं त्यातलं थोडं आणि न जळलेलं थोडं पेट्रोल रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतंच. इंजिन व्यवस्थित तापलं की त्याची वाफ होऊन निघून जातं, नाही तापलं तर तिथंच साठतं. आता जाऊन ऑइल भरायचं टोपण उघडून आतल्या बाजूला बघा, पांढरट पिवळट चिकट थर असेल तर समजून जा. (तसा थर हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेल्यावरही दिसतो, त्यामुळे लगेच घाबरून हेड उतरवायला देऊ नका. रेडिएटरमधलं पाणी घटतंय का, चालू गाडीत रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येताहेत का, हे आधी बघायचं.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या वाफेचं मूळ कारण अजून कुणी शोधलेलंच नाही. वॉल काढूनही वाफ पूर्ण गेली नाही म्हणताय, म्हणजे दोष दुसरीकडे होता. काढलेला वॉल ठेवलाय का फेकला?

पसरणीकर

ठेवलाय काका, डिकीत एका पिशवीत आहे. टोपणाखाली तुम्ही म्हणता तसा थर आहे, पण पाणी फारसं घटत नाही.

बिनधास्त_सातारी

एक विरुद्ध मत. आमच्या वडिलांच्या पद्मिनीत वॉल कधीच नव्हता, त्या गाडीनं कोकणात, कोल्हापूरला, पंढरपूरला लई फेऱ्या मारल्या, इंजिनाला काय धाड भरली नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४०-४२ डिग्री असतंय, तिथं इंजिन गरम करायचा वॉल कशाला? आणि दुसरं, वॉल अडकून बंद राहिला तर इंजिन जाम, त्यापेक्षा नसलेला बरा की.

गोटीपाना

सातारी, ४२ डिग्री तुम्हाला गरम वाटतं, इंजिनाला नाही. त्याला ८५-९५ लागतं. ४२ ची हवा त्याच्या दृष्टीनं गारच. आणि पद्मिनीला कार्ब्युरेटर होता, तिला पाण्याचं तापमान बघून पेट्रोल सोडणारा कॉम्प्युटर नव्हता. तरी सिलिंडरची झीज होत असेलच, फक्त त्या काळी पन्नास-साठ हजारांवर इंजिनकाम करायचंच असतं असं सगळे धरून चालायचे.

अडकून बंद राहायची भीती रास्त आहे. म्हणून तर चांगल्या कंपनीचा घ्यायचा आणि कूलंट वेळेवर बदलायचं. काही शे रुपयांची वस्तू आहे.

वाफेचे_इंजिन

थोडी तांत्रिक भर घालतो कारण या विषयात एक गैरसमज फार पसरलाय. वॉल काढल्यावर काही गाड्या उलट जास्त तापतात, त्याचं कारण लोक असं सांगतात की पाणी रेडिएटरमधून इतक्या जोरात जातं की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. हे बरोबर नाही. पाणी जितकं जास्त फिरेल तितकी रेडिएटर जास्तच उष्णता बाहेर टाकतो. खरं कारण बायपास. बऱ्याच इंजिनांत वॉलला दोन चकत्या असतात, गार असताना मोठी चकती रेडिएटरचा रस्ता बंद ठेवते आणि पाणी बायपासमधून इंजिनातल्या इंजिनात फिरतं, तापलं की मोठी उघडते आणि त्याच वेळी मागची छोटी चकती बायपास बंद करते. असा वॉल काढला की बायपास कायमचा उघडा, आणि बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरमागरम परत इंजिनात. मग चढावर गाडी तापते आणि उतारावर गारठते, दोन्ही बाजूंनी नुकसान.

वॉलचं काम कसं चालतं तेही सांगतो. मधल्या पितळी डबीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला ते वितळतं, वितळताना फुगतं आणि दांडा ढकलतं, स्प्रिंग दाबली जाते, चकती उघडते. पाणी गार झालं की स्प्रिंग परत बंद करते. त्याआधीच्या गाड्यांत भात्यासारखी घडीची डबी असायची, आत अल्कोहोल वगैरे लवकर उडणारा द्रव. पण कूलिंग सिस्टिम दाबाखाली चालवायला लागल्यावर त्या डबीवर दाबाचा परिणाम व्हायचा आणि ती भलत्याच तापमानाला उघडायची. मेणावर दाबाचा तसा परिणाम होत नाही. सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसानं १९३० च्या दशकात अमेरिकेत हा मेणाचा प्रकार आणला आणि जवळपास तोच आजही तुमच्या ऑल्टोत आहे. न वीज, न वायर. मला तरी ही फार सुंदर रचना वाटते.

डिग्रीबद्दल: वॉल फक्त किमान तापमान ठरवतो. इंजिन जास्तीत जास्त किती तापेल ते रेडिएटर, पंखा आणि पंप ठरवतात. त्यामुळे गाडी तापते म्हणून कमी डिग्रीचा वॉल टाकून काही साधत नाही. सुझुकीच्या इंजिनांना ८२ किंवा ८८ चा असतो, जुन्या वॉलच्या कडेवर आकडा कोरलेला असतो, तोच घ्या.

पसरणीकर

८२ कोरलंय. आता हा जुना चांगला आहे का वाईट हे कसं कळेल? चांगला असेल तर नुसतं पॅकिंग आणून हाच बसवतो.

अंजली_द

पातेल्यात उकळून बघा, आम्ही नेहमी करतो. वॉलच्या तोंडात दोऱ्याचं टोक अडकवून ठेवायचं, म्हणजे दोरा चकतीच्या चिमटीत. पातेल्यात पाणी, त्यात तो दोऱ्याला लोंबकळत सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी थर्मामीटर. ज्या क्षणी चकती उघडायला लागते त्या क्षणी दोरा सुटतो आणि वॉल टुपकन खाली पडतो, तो आकडा लिहून घ्यायचा. ८२ च्या एक-दोन अंश इकडेतिकडे चालेल. मग पूर्ण किती उघडतो ते बघायचं, ८ मिमी तरी उघडायला हवा.

पण एक लक्षात ठेवा, तुम्ही हे पाचगणीला करणार असाल तर गडबड होईल. ८२ चा वॉल पूर्ण उघडतो ९५ ला, ८८ चा १०० ला. पाचगणी साधारण १३०० मीटरवर, तिथं पाणी ९५-९६ लाच उकळतं, त्याच्या वर जातच नाही. पुण्यातसुद्धा ९८ च्या आसपास. आमच्याकडे एकानं ८८ चा चांगला वॉल "पूर्ण उघडत नाही" म्हणून फेकून दिला होता. त्यामुळे उघडायला सुरुवात कधी होते ते मुख्य, आणि गार झाल्यावर घट्ट मिटतो का ते. मिटल्यावर उजेडासमोर धरून बघा, कडेनं फट दिसली तर गेला.

वाफेचे_इंजिन

अंजलीताई, तुम्ही उंचीचा मुद्दा काढलात आणि पसरणीकरांच्या वाफेचं कोडं बहुतेक तिथंच सुटतंय! पसरणीकर, रेडिएटरचं टोपण कधी बदललं होतं? आणि आत कूलंट आहे का साधं पाणी?

रेडिएटरचं टोपण हे नुसतं झाकण नाही, तो दाबाचा वॉल आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा (बारमध्ये) असतो. ०.९ चा दाब धरून ठेवला तर साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट असेल तर आणखी वर. पण टोपणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग मऊ झाली की दाब धरत नाही. मग घाटाखाली वाईत पाणी ९७-९८ ला उकळणार आणि वर पाचगणीत ९५-९६ ला. एसी लावून घाट चढल्यावर इंजिनातलं पाणी तेवढं तापणं अगदी नेहमीचं आहे, पंखासुद्धा त्याच सुमाराला सुरू होतो. म्हणजे इंजिन जास्त तापलेलं नसतानाच पाणी उकळतंय. म्हणून तुम्हाला वाफ कायम वर पोचल्यावरच दिसायची.

पसरणीकर

टोपण माझ्या आठवणीत बदललेलंच नाही. आत्ता थंड गाडीवर काढून बघितलं, खालचं रबर चिरलंय आणि कडेनं तुटलंय. आणि आत घरच्या बोअरचं पाणी आहे, कूलंटचा रंग अजिबात नाही. तोंडाच्या आत पांढरा थर धरलाय.

गोटीपाना

सापडला चोर. टोपण नवीन घ्या, त्याच आकड्याचं. आणि बोअरचं पाणी आजपासून बंद. त्यातला चुना रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि वॉलच्या दांड्यावरही. फ्लश करून, म्हणजे सगळं आतून धुऊन घ्यावं लागेल. जुना वॉल उकळण्यात तो पास झाला तरी मी म्हणेन नवाच टाका, चुना खाल्लेला आहे तो.

आता काम कसं करायचं ते सविस्तर लिहितो, एकदाच नीट वाचा.

गाडी पूर्ण थंड हवी. रात्री लावलेली सकाळी घ्या. गरम असताना टोपण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, माझ्या डोळ्यांसमोर पोरांचे हात भाजलेत, यात घाई नाही. खाली रेडिएटरचा ड्रेन कॉक असतो तो सैल करून खाली टब ठेवा. एरवी वॉलच्या पातळीखाली जाईल एवढंच काढलं तरी चालतं, तुम्ही सगळंच काढा कारण फ्लश करायचाय.

रेडिएटरचा वरचा जाड होज इंजिनाकडे जिथे जातो तिथं अ‍ॅल्युमिनियमचं टोपण दोन बोल्टवर बसलेलं असतं, त्याखाली वॉल. हवेच्या फिल्टरचा पाईप आड येतो, तो बाजूला करा. होजची क्लिप पकडीनं दाबून मागे सरकवा, होज चिकटलेला असेल तर पिळून सोडवा, ओढून नाही, आणि स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू तर अजिबात नका, खालची अ‍ॅल्युमिनियमची नळी चरे पडून खराब होते. होज दाबून बघा, कडक किंवा फुगीर लागला तर याच वेळी बदला.

बोल्ट. पूर्ण कामात धोका इथंच आहे. लोखंडी बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचा आटा, वर वर्षानुवर्षं पाणी. ते जाम होतात आणि जोर लावला की डोकं तुटतं, मग ड्रिल करा, नवा आटा पाडा, अर्धा दिवस जातो. आदल्या रात्री गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवा. सहा कोनी गोटी वापरा, बारा कोनी नको, डोकं गोल होतं. थोडा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल, असं हलवत हलवत काढा. करकरला की थांबा, परत स्प्रे. इथं संयम ठेवला तर बाकी काम सोपं आहे.

टोपण निघालं की भोकात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर खरवडलेलं पॅकिंग आत पडतं आणि पाण्याच्या वाटेत जाऊन बसतं. जुनं पॅकिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण निघालं पाहिजे. प्लास्टिकची पट्टी किंवा बोथट ब्लेड आडवं धरून. पॉलिश पेपर जोरात घासू नका, अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, एक चरा राहिला तर तिथून थेंब थेंब गळणार. टोपण काचेवर पालथं ठेवून बघा, डुगडुगलं तर वाकलंय, नवीन घ्या.

वॉल बसवताना स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, गरम पाण्यात. उलटा बसवला तर उघडणारच नाही. कडेला एक छोटं भोक आणि त्यात हलणारी पिन असते, ती हवा जाण्यासाठी, ती वरच्या बाजूला यायला हवी, खूण असेल तर खुणेसमोर. वॉल खाचेत नीट बसलाय ना ते बोटानं फिरवून तपासा, खाचेबाहेर राहिला आणि वरून बोल्ट आवळले तर टोपण तडकतं.

बोल्ट दोन्हीकडून आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. दहाच्या पान्याचा, म्हणजे ६ मिमीचा बोल्ट असेल तर १० न्यूटन-मीटर पुरे. लांब पान्यानं जोर काढायचं हे काम नाही.

अंजली_द

पॅकिंगचं राहिलं. नव्या वॉलबरोबर काय मिळतंय ते बघा. वॉलच्या कडेला चढणारी रबरी रिंग असेल तर ती कोरडीच बसवायची, तिच्यावर सीलंट लावलं की ती घसरते आणि मग गळते. कागदी असेल तर दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ असताना तीसुद्धा कोरडी चालते. पृष्ठभाग खड्डे पडलेला असेल तरच अ‍ॅनाबाँडचा (ट्यूबमधलं सीलंट) अगदी पातळ हात. जाड लावलं तर आवळल्यावर आतल्या बाजूला गोळा येतो, सुटतो, आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो. जुनं पॅकिंग "बरं दिसतंय" म्हणून परत वापरू नका, एकदा दाबलेलं परत नीट बसत नाही.

मिसिसागाकर

कॅनडातून. इथं वॉल उघडा अडकला की प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नसतो, उणे वीसमध्ये काचेवरचा बर्फ वितळायला गरम हवाच येत नाही आणि समोरचं दिसत नाही. इथल्या गाड्यांत पी०१२८ हा कोड लागतो, म्हणजे इंजिन ठरलेल्या वेळेत तापलं नाही. भारतातही ज्यांच्या गाडीत काटा नाही, फक्त लाल दिवा आहे, त्यांनी ब्लूटूथचा छोटा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) घेऊन मोबाईलवर पाण्याचं तापमान बघत जावं. लाल दिवा लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

बिनधास्त_सातारी

बायपासची गोष्ट मला माहीत नव्हती, पटलं. आमच्या स्विफ्ट डिझेलला पण तापायला वेळ लागतोय, तिचापण असा सुटा वॉल मिळतो का?

गोटीपाना

तिला हाउसिंगसकट अख्खी असेंब्लीच येते. नुसता वॉल शोधत बसू नका.

पसरणीकर

मंडळी, काम झालं! एक बोल्ट जाम होता, स्प्रे मारून रात्रभर सोडला आणि हलवत हलवत निघाला. रेडिएटर आणि ब्लॉक स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुतला, सुरुवातीला चक्क गढूळ तांबडं पाणी आलं. नवा ८२ चा वॉल, रबरी रिंग, नवं टोपण. कूलंट तयार मिसळलेलं घेतलं म्हणजे पाणी घालायची भानगड नाही. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवला, टोपण उघडं, गाडीचं तोंड चढावर, आणि वरचा होज हातानं दाबत राहिलो तसे बुडबुडे निघत गेले. पातळी खाली गेली तशी भरत गेलो. वरचा होज आधी कोमट होता आणि मग एकदम गरम झाला, म्हणजे वॉल उघडला. पंखा एकदा चालू होऊन बंद झाला, मग टोपण लावलं.

आज घाट चढलो. काटा मधल्या रेषेच्या किंचित खाली येऊन थांबला तो उतारावरही तिथंच. हीटर गरम. वर पोचल्यावर वाफ नाही.

वाफेचे_इंजिन

उत्तम! एक-दोन दिवस सकाळी थंड गाडीवर बाटलीतली पातळी बघत राहा, राहिलेली हवा निघाली की थोडी उतरते. आणि ऑइल बदलून टाका, त्यात पेट्रोल आणि पाणी मिसळलेलं आहे.

काढलेलं जुनं कूलंट कुणाकडे असेल तर ते उघड्यावर ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर्कशॉपला द्या.

रिक्षा_ते_वॅगनार

उशिरा विचारतोय. माझी वॅगनार सीएनजी आहे, गॅरेजमध्ये वॉल काढलाय आणि आता थंडीत गाडी फार वेळ पेट्रोलवरच चालते, सीएनजीवर जातच नाही. किटवाला म्हणतो किट खराब. याचा काही संबंध असेल का?

गोटीपाना

आहे. सीएनजीचा रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो. सिलिंडरमधला गॅस २०० बारवरून खाली येताना खूप गार होतो, तो गोठू नये म्हणून हे पाणी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं, आणि पाणी ठरावीक तापल्याशिवाय किट गॅसवर टाकतच नाही. तुमचं पाणी तापतच नाहीये. किटला हात लावायच्या आधी वॉल बसवा, आणि भरताना रिड्यूसरच्या दोन्ही नळ्या हाताला गरम लागतात का ते बघा, एक गरम आणि एक गार असेल तर तिथं हवा अडकलीय.